गारा, हिमकण आणि रामन वर्णपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-सातारा पट्ट्यात हवेतला बर्फ दोन रूपांत हाती लागतो. वळवाच्या पावसात तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत, खटाव, माण या भागांत गारा पडतात. कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात पहाटे दव गोठून हिमकण होतात. या बर्फाची रचना रामन वर्णपटाने अभ्यासू पाहणारे महाविद्यालयीन शिक्षक, प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि हौशी हवामान निरीक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. बहुतेक नमुने यंत्रावर चढण्याआधीच बिघडलेले असतात, म्हणून यंत्रापेक्षा नमुन्याच्या तापमानाबद्दल इथे जास्त लिहिलं आहे. शिखरांच्या जागा सांगणारे सगळे आकडे प्रति सेंटिमीटर या एककात आहेत.

रामन वर्णपटातून बर्फाबद्दल नेमकं काय कळतं?

लेसरचा प्रकाश नमुन्यावर पडला की बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा राहून विखुरतो. अगदी थोडा प्रकाश मात्र रेणूंच्या कंपनांना ऊर्जा देऊन किंवा त्यांच्याकडून घेऊन बाहेर पडतो, आणि त्याचा रंग किंचित सरकतो. हा परिणाम चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी नोंदवला. रंग किती सरकला याचा आलेख म्हणजे रामन वर्णपट, आणि त्यातला उंचवटा म्हणजे शिखर. रंग किती सरकला यावरून रेणूंमधले बंध कसे आहेत ते कळतं.

बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार ऑक्सिजन असतात, सुमारे २.७६ अँगस्ट्रॉम अंतरावर, आणि दोघांच्या मध्ये हायड्रोजन बंध. हा बंध जितका घट्ट, तितका रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सैल होतो आणि त्याचं कंपन खालच्या आकड्याकडे सरकतं. सुट्या बाष्पात हे कंपन सुमारे ३६५५ वर असतं, पाण्यात त्याचा पसारा ३२०० ते ३४५० च्या आसपास असतो, आणि बर्फात ते ३१५० च्या खालीवर येतं. नमुन्याची अवस्था, त्याचं तापमान, त्यात अडकलेली हवा, क्षार आणि धुळीचे कण, एवढं रामन चांगलं सांगतो. गार किती उंचीवर वाढली ते मात्र तो सांगत नाही. त्यासाठी थर वेगवेगळे वितळवून ड्युटेरियम आणि ऑक्सिजन-१८ या समस्थानिकांचं प्रमाण मोजावं लागतं.

बर्फ आणि पाणी वर्णपटात कसे ओळखायचे?

उणे १० अंशांच्या बर्फाचं सर्वांत उंच शिखर ३१४० ते ३१५० च्या दरम्यान येतं, टोकदार आणि डावीकडे झुकलेलं. उजवीकडे ३२५० ते ३४०० पर्यंत खांद्यासारखा उतार राहतो. पाण्याचा पट्टा रुंद असतो आणि त्याला दोन उंचवटे दिसतात, एक ३२३० जवळ आणि एक ३४२० जवळ. दुसरी खूण खालच्या टोकाला असते. स्फटिकजाळीच्या कंपनाचं २१० ते २३० मधलं शिखर बर्फात ठळक दिसतं, पाण्यात अगदी पुसट. १६४० जवळचं वाकण्याचं कंपन रामनमध्ये मुळातच अशक्त असतं, त्यावर भिस्त ठेवू नये.

बर्फ थंड होईल तसं मुख्य शिखर खाली सरकतं, दर १० अंशांमागे साधारण २ ते ४ आकडे. त्यामुळे तापमान न लिहिता दिलेली शिखराची जागा कुणाच्याच उपयोगाची नाही.

गारेत घनीय बर्फ सापडेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. नेहमीचा बर्फ षटकोनी जाळीचा, घनीय बर्फ म्हणजे घनाकार (क्यूबिक) जाळीचा. अतिशीत, म्हणजे शून्याच्या खाली जाऊनही द्रव राहिलेला थेंब खूप कमी तापमानाला गोठला तर षटकोनी आणि घनीय थर एकावर एक अव्यवस्थित रचले जातात. पूर्वी ज्याला सरसकट घनीय बर्फ म्हणत, तो बहुतेक वेळा हा थरविस्कळीत बर्फच होता. शुद्ध घनीय बर्फ प्रयोगशाळेत २०२० मध्ये मिळाला. विस्कळीत थर असलेला बर्फ तापवत नेला की सुमारे उणे ३३ अंशांपर्यंत तो षटकोनी होऊन जातो. गार तर शून्य अंशाला, बाहेरून ओली होऊन जमिनीवर येते. तिच्यात असा थर उरणं शक्य नाही.

उंच विरळ ढगांतल्या बारीक स्फटिकांबाबत हा प्रश्न खरा आहे. तिथेही रामन एकट्याने निकाल देत नाही. थरांच्या विस्कळीतपणामुळे मुख्य शिखराची जागा आणि रुंदी थोडी बदलते, पण तापमानातल्या काही अंशांच्या चुकीनेही तेवढाच बदल होतो. षटकोनी बर्फाचा संदर्भ वर्णपट नेमक्या त्याच तापमानाला, शक्यतो उणे १९० च्या आसपास, घेतला असेल तरच तुलना करावी. शेवटचा शब्द क्ष-किरण विवर्तनाचा, म्हणजे क्ष-किरण कसे विखुरतात त्यावरून जाळी ओळखण्याच्या पद्धतीचा.

गारा गोळा कशा करायच्या?

तयारी ढग दिसण्याआधीची. लागणारं सामान: झाकणाची जाड थर्माकोल पेटी, त्यात २ ते ३ किलो कोरडा बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड), झिपच्या नव्या पिशव्या, स्टीलचा चिमटा, पट्टी, आणि मोकळ्या जागी मांडायला पत्र्याचा स्वच्छ ट्रे. ट्रेखाली थर्माकोलचा तुकडा ठेवा. एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या स्लॅबवर ठेवलेला ट्रे, त्यावर गार पडली की लगेच तिला वितळवायला लागतो.

गार जमिनीवरून उचलू नका. मातीला टेकलेल्या गारेत नंतर जी धूळ सापडेल, ती ढगातली की शेतातली ते सांगता येत नाही. ट्रेवर पडल्यापासून दोन-तीन मिनिटांच्या आत चिमट्याने उचला, पट्टीशेजारी ठेवून फोटो घ्या, पिशवीत टाका, हवा दाबून काढा, झिप लावा आणि मग पेटीत ठेवा. कोरड्या बर्फाशी गारेचा थेट संबंध येऊ देऊ नका, नाहीतर पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइड बसतो आणि वर्णपटात १२८० व १३८५ च्या जवळ दोन शिखरं उपटतात. पेटीचं झाकण घट्ट सील करू नका, वायू बाहेर पडायला फट हवी. गाडीतून नेताना काच थोडी खाली ठेवा.

कोरडा बर्फ मिळत नाही. द्रव नायट्रोजन चालेल?

चालेल. ग्रामीण भागात तो मिळणं त्यामानाने सोपंही आहे, कारण जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी दूध संघ आणि पशुवैद्यकीय दवाखाने रेतमात्रा द्रव नायट्रोजनच्या कंटेनरमध्येच साठवतात. त्यांच्याकडून वेगळ्या, नायट्रोजनसाठीच बनवलेल्या भांड्यात तो भरून घ्या. त्यांच्या कंटेनरमध्ये गारा ठेवायची विनंती करू नका. झाकण वारंवार उघडलं की रेतमात्रा खराब होतात, आणि त्यात पशुपालकांचं नुकसान असतं.

गार थेट द्रवात बुडवली तर तडकते. शून्यावरून उणे १९६ वर एकदम गेल्याने बाहेरचा थर आकसतो आणि आतून भेगा पडतात. भेगांमध्ये नंतर दव शिरून गोठतं आणि तोच गारेचा मूळ पोत समजला जातो. म्हणून पिशवी आधी द्रवाच्या वर, नुसत्या वाफेत, दहा-पंधरा मिनिटं टांगा. साठवण वाफेतच केली तरी पुरते. बंद खोलीत नायट्रोजन ओतू नका. तो ऑक्सिजनला बाजूला सारतो आणि माणूस काही कळण्याआधी कोसळतो. घट्ट झाकणाच्या थर्मासमध्ये तर अजिबात भरू नका, दाबाने तो फुटतो.

घरच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवल्या तर काय बिघडतं?

तीन गोष्टी बिघडतात. उणे १८ अंशांना बर्फाचे कण एकमेकांत मिसळून मोठे होत राहतात, म्हणजे मूळ कणरचना पुसली जाते. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर ठरावीक वेळाने स्वतः गरम होतो, तेव्हा बर्फाची वाफ होऊन ती पिशवीच्या आतल्या बाजूला बसते. तिसरी गोष्ट क्षारांची. मिठाचं पाणी पूर्ण गोठायला उणे २१.२ अंश लागतात. उणे १८ ला कणांच्या सीमांवर खारं पाणी द्रवच राहतं आणि हळूहळू जागा बदलतं. रचना अभ्यासायची असेल तर साठवण उणे ४० च्या खाली हवी. फक्त वितळवून रसायनं तपासायची असतील तर घरचा फ्रीजर पुरतो.

बेदाण्याच्या शीतगृहात जागा मिळते, पण ती शीतगृहं शून्याच्या वरच चालतात, त्यामुळे उपयोग नाही. आइस्क्रीम साठवायची उणे २० ची खोली मात्र कापण्याच्या कामाला उत्तम.

गार कापायची कशी?

आधी बाहेरचा किमान एक मिलिमीटर थर काढून टाका. तो खाली येताना वितळून नंतर तुमच्या पेटीत पुन्हा गोठलेला असतो. सोनारकामाची बारीक पात्याची करवत उणे २० च्या खोलीत अर्धा तास ठेवून मग वापरा. गार मधोमध कापून ३ ते ५ मिलिमीटरची चकती काढा. पृष्ठभाग सपाट करायला थंड दाढीचं पातं आडवं धरून पापुद्रे काढत जा. पितळेच्या कोमट पट्टीवर घासून गुळगुळीत करायची पद्धत सांगितली जाते. फोटो छान येतात, पण वर वितळून गोठलेल्या पाण्याचा थर बसतो आणि वर्णपट त्याचा येतो.

चकतीचा दुसरा अर्धा भाग अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ करून एकमेकांशी काटकोनात धरलेल्या दोन पोलरॉइडमधून (प्रकाश एकाच दिशेने कंपित करणाऱ्या पट्ट्यांमधून) पाहा. स्फटिककणांचा आकार आणि त्यांच्या अक्षांची दिशा यात रंगांनी दिसते. हे काम रामनने करण्यापेक्षा असं करणं कितीतरी सोपं आहे.

कोणता लेसर घ्यावा? हातात धरायचं यंत्र चालेल का?

५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर घ्या. ७८५ च्या लेसरने ३२०० चं शिखर १०४८ नॅनोमीटरवर जातं आणि तिथे सिलिकॉनचा संवेदक जवळजवळ आंधळा असतो. ५३२ वर तेच शिखर ६४१ नॅनोमीटरवर, लाल रंगात येतं. शिवाय हिरवा प्रकाश बर्फ फारच कमी शोषतो.

औषधं किंवा रसायनं ओळखायची हातातली यंत्रं बहुधा ७८५ चीच असतात आणि २०००-२५०० च्या पुढे वाचत नाहीत. गारेतल्या खनिजांसाठी ती वापरता येतील, बर्फाच्या मुख्य शिखरासाठी नाही. विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात वेळ मागताना तीन गोष्टी आधी विचारा: ५३२ चा लेसर आहे का, उणे तापमानाचा कोल्ड स्टेज (नमुना थंड धरून ठेवणारा मंच) आहे का, आणि लेसरचा मूळ प्रकाश अडवणारा फिल्टर १५० च्या खाली उघडतो का. कोल्ड स्टेज नसेल तर नमुना घेऊन जाऊच नका.

मोजमापाचे टप्पे कोणते?

१. स्टेजमध्ये नमुना नसताना कोरडा नायट्रोजन वायू दहा मिनिटं सोडा. पावसाळी दमट हवेत हा वेळ दुप्पट करा. काचेवर बाहेरून दव धरत असेल तर तिथेही वायूची बारीक नळी लावा.

२. स्टेज उणे ४० वर आणून थंड चिमट्याने चकती ठेवा. खाली काचेची पट्टी नको, तिची स्वतःची चमक येते. पॉलिश केलेलं स्टील किंवा ॲल्युमिनियम चालतं. कॅल्शियम फ्लोराइडची चकती असेल तर तिचं एकमेव शिखर ३२२ वर येतं, ते लक्षात ठेवा.

३. मिनिटाला १० अंशांनी उणे ८० पर्यंत जा आणि दहा मिनिटं थांबा. स्टेजवर दिसणारा आकडा धातूचा असतो, बर्फाचा वरचा भाग मागे राहतो.

४. लांब अंतरावरून काम करणारं ५० पटीचं भिंग लावा. फोकस पृष्ठभागाच्या ५० ते १०० मायक्रोमीटर खाली घ्या, म्हणजे वर बसलेलं दव टळतं.

५. लेसरची शक्ती नमुन्यापाशी २, ५ आणि १० मिलिवॉट ठेवून तीन वर्णपट घ्या. मुख्य शिखर हललं नाही तर १० वापरा. हललं तर तो ठिपका तापतो आहे. शुद्ध बर्फ तापत नाही, त्यातला काळा कण तापतो.

६. प्रत्येक ठिकाणी १० सेकंदांची तीन वाचनं घ्या. १५ मिलिमीटरच्या रेषेवर १०० मायक्रोमीटरच्या टप्प्याने गेलात तर सुमारे १५० बिंदू होतात आणि सव्वा तास लागतो. वीज जाण्याची शक्यता धरून स्टेजचा पंप आणि संगणक दोन्ही यूपीएसवर ठेवा. लेसर परत चालू झाल्यावर स्थिरावायला वेळ घेतो, त्या काळातली वाचनं टाकून द्या.

कॅलिब्रेशन (यंत्राची पट्टी जुळवणं) सिलिकॉनवर केलं, तरी शिखर चुकीच्या जागी का येतं?

सिलिकॉनचं शिखर ५२०.७ वर असतं. ते पट्टीचं खालचं टोक पक्कं करतं, ३००० च्या पुढच्या भागाची हमी देत नाही. सायक्लोहेक्झेनची ८०१.३ आणि २८५२.९ ही शिखरं तपासा. त्याहून चांगला उपाय निऑन दिव्याचा. त्याची ६४०.२२ नॅनोमीटरची रेषा ५३२ च्या लेसरसाठी ३१७७ जवळ, म्हणजे बर्फाच्या शिखराला अगदी लागून येते. पॅनेलवरचा लहान निऑन इंडिकेटरही या कामाला पुरतो. हे दर दिवशी, खोलीचं तापमान बदललं तर दिवसातून दोनदा करा.

नको असलेली शिखरं कुठून येतात?

४८४ जवळ सुईसारखी रेषा दिसली तर खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. ती पाऱ्याची ५४६.१ नॅनोमीटरची रेषा आहे. एकाच वाचनात एकाच जागी आलेला उंच टोकदार काटा वैश्विक किरणाचा असतो, तीन वाचनांचा मध्यक घेतला की जातो. २३३० आणि १५५५ ची शिखरं हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनची. भिंग आणि नमुन्यामधली हवाही ती देते, म्हणून बुडबुडा आहे असं म्हणण्याआधी फोकस बर्फाच्या बाहेर काढून एक वाचन घ्या.

३४०० वर उंचवटा दिसतो. हे पृष्ठभागावरचं पातळ पाणी का?

बहुधा नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर वितळबिंदूच्या जवळ द्रवासारखा थर असतो हे खरं, पण तो काही नॅनोमीटरचा आणि तुमचा फोकस काही मायक्रोमीटरचा. साधा रामन तो वेगळा दाखवू शकत नाही. आधी लेसरने झालेली वितळ तपासा. मग कणांच्या सीमांवरचं खारं पाणी. नमुना उणे ३० वर न्या: उंचवटा जाऊन ३४०५, ३४२३, ३४३८ आणि ३५३७ जवळ बारीक शिखरं उमटली तर मिठाचं जलयुक्त स्फटिक तयार झालं आहे, म्हणजे आधीचं पाणी खारंच होतं. काहीच उमटलं नाही आणि उंचवटाही तसाच राहिला, तर बर्फाच्या खांद्यालाच तुम्ही उंचवटा समजत आहात.

पांढरे आणि काचेसारखे थर वेगळे का दिसतात?

ढगात गारेवर आदळणारे अतिशीत थेंब लगेच गोठले तर हवा अडकते आणि थर पांढरा होतो. थेंब जास्त आले की गोठताना निघणारी उष्णता बाहेर टाकायला वेळ पुरत नाही, पृष्ठभाग ओला राहतो, हवा निसटते आणि थर पारदर्शक होतो. दोन्ही थरांतल्या बर्फाची जाळी एकच असते. दोन्ही थरांचं मुख्य शिखर वेगळ्या जागी आलं, तर आधी तापमानाची किंवा फोकसची चूक शोधा. फरक मिळतो तो बुडबुड्यांतल्या वायूच्या शिखरांत आणि क्षार कुठे साचले त्यात.

गारेतली धूळ, धूर, खतं ओळखता येतात?

सुटा कण सापडला तर येतात. क्वार्ट्झ ४६४, कॅल्साइट १०८६, जिप्सम १००८, सल्फेट ९८१ च्या जवळ, नायट्रेट १०४८, काजळीचे दोन रुंद पट्टे १३५० आणि १५९० ला. आपल्याकडच्या बेसाल्टी लाल मातीतलं हेमॅटाइट (लोहाचं खनिज) २२५, २९२ आणि ४११ ला दिसतं, पण ते हिरवा प्रकाश शोषून तापतं आणि भोवतालचा बर्फ वितळवतं. अशा कणावर १ मिलिवॉटच्या वर जाऊ नका. परागकण आणि जिवाणू इतके चमकतात की शिखरं बुडून जातात.

बर्फात एकसारखे विरघळलेले क्षार मात्र दिसत नाहीत. पावसाच्या पाण्यात ते लिटरमागे मायक्रोमोलच्या पातळीवर असतात, रामनला त्याच्या शेकडो पट लागतात. उरलेली गार वितळवून आयन क्रोमॅटोग्राफीला (विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीला) द्या.

कृत्रिम पावसाच्या सिल्व्हर आयोडाइडने बर्फाची रचना बदलते का?

नाही. त्याची जाळी बर्फाच्या जाळीशी फार जुळती असल्याने उणे ५ अंशांच्या खाली थेंब गोठायला मदत होते, इतकंच. तयार होतो तो नेहमीचा षटकोनी बर्फ. बागेवर पडलेल्या गारेत ते आहे की नाही हेही रामनने ठरवता येत नाही, इतकं ते कमी असतं. असा दावा करणारा वर्णपट कुणी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

महाबळेश्वरचे हिमकण म्हणजे बर्फवृष्टी का?

नव्हे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवत, स्ट्रॉबेरीची पानं, गाड्यांचे टप आणि तलावाच्या जेटीच्या फळ्या उष्णता बाहेर टाकून हवेपेक्षा जास्त थंड होतात. त्यावर आधी दव पडतं आणि मग ते गोठतं. कधी बाष्प थेट बर्फ होऊन बसतं. पहिल्या प्रकारात गोल, काचेसारखे थेंब दिसतात, दुसऱ्यात पिसांसारखे काटे. दोन्हींचा रामन वर्णपट एकच असतो, त्यामुळे भिंगातून घेतलेला फोटो इथे जास्त सांगतो. नमुना सूर्योदयाआधी पातं थंड करून खरवडा आणि पानाचा तुकडा सोबत येऊ देऊ नका, हरितद्रव्याच्या चमकेत सगळं वाहून जातं.

ढगातला बर्फ जमिनीवरून रामनने पाहता येतो?

तत्त्वतः हो. ३५५ नॅनोमीटरचा लेसर आकाशात सोडला तर नायट्रोजनचा परतावा ३८६.७ नॅनोमीटरवर, बाष्पाचा ४०७.५ वर, पाण्याच्या थेंबांचा ४०३ च्या आसपास आणि बर्फाचा ३९९ च्या आसपास येतो. परतावा अतिशय क्षीण असल्याने हे काम रात्रीचं, आणि दाट ढगात लेसर शिरतच नाही. गारांच्या ढगासाठी ही पद्धत निरुपयोगी आहे, तिथे रडारच हवं. महाबळेश्वरला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची उंचावरची मेघभौतिकी प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. ती साधारण १,३५० मीटरवर असल्याने पावसाळ्यात ढग थेट तिच्यात शिरतो. पण त्या उंचीवर पावसाळी ढग पाण्याचा असतो, बर्फाची पातळी त्याच्या कितीतरी वर असते.

शिखराचे पाच भाग करून त्यांना अर्थ द्यावा का?

संगणक पाच काय, सात भागही बसवून देईल. बर्फात शेजारशेजारची कंपनं एकमेकांत गुंतलेली असतात, त्यामुळे एकेक भाग म्हणजे एकेक प्रकारचा बंध असं म्हणता येत नाही. तुलनेसाठी २८०० ते ३८०० मध्ये सरळ आधाररेषा काढा, क्षेत्रफळ समान करा आणि दोन वर्णपट वजा करा. वजाबाकीत काय उरलं ते आधी पाहा.

निकालासोबत काय लिहावं?

गार पडल्याची वेळ आणि गाव, उचलेपर्यंत गेलेली मिनिटं, साठवणीतलं सर्वांत जास्त तापमान आणि किती दिवस, किती थर खरवडला, स्टेजचं तापमान, लेसरची नमुन्यापाशी मोजलेली शक्ती, निऑन रेषेची त्या दिवशीची जागा, आणि त्याच दिवशी त्याच तापमानाला दुहेरी ऊर्ध्वपातित पाण्याच्या बर्फाचा घेतलेला संदर्भ वर्णपट. साठवणीचं तापमान नोंदवायला पेटीला लहान डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारं यंत्र) लावा. त्याची बॅटरी उणे ४० च्या खाली दगा देते, म्हणून बॅटरी पेटीबाहेर आणि फक्त संवेदकाची तार आत.